मालकाची सही

कात्रीवहिनीला रागवायला निमित्त लागत नाही, असं तिचा नवरा चारचौघांत हसत हसत सांगायचा. ते खरं नव्हतं. निमित्त लागायचं, आणि बहुतेक वेळा ते तोच पुरवायचा.

परमुलखातल्या त्या शहरात आपल्याकडची चाळीस-पन्नास घरं होती आणि त्या सगळ्यांत वहिनीचं हे नाव पक्कं झालं होतं. कपडे दुरुस्त करायचं दुकान असल्यामुळे कात्री तिच्या हातात असायचीच, पण नाव पडलं ते जिभेमुळे. एकदा कुणाकडे तरी सगळे जेवायला जमले असताना एक बाई पिशवीतून नवऱ्याची पँट काढत म्हणाल्या, "एवढी जरा आखूड करून द्या हो, दोन मिनिटांचं तर काम." वहिनीने हातातलं ताट खालीसुद्धा ठेवलं नाही. "दोन मिनिटांचंच आहे ना, मग तुम्ही करा. तोवर तुमच्या वाटचं मी जेवते," म्हणाली. तेव्हापासून फुकटच्या पिशव्या बंद झाल्या आणि नाव चिकटलं.

बावीस वर्षांपूर्वी ती नवऱ्याच्या मागोमाग तिथे गेली. तो एका मालगोदामात कामाला होता. हिने कपड्यांच्या कारखान्यात काम धरलं. सहा वर्षं फक्त कॉलर. शर्टाची बाकीची अंगं दुसऱ्या बायका शिवायच्या. हिच्यासमोर सकाळी कॉलरींचा ढीग यायचा आणि संध्याकाळी उचलला जायचा. अख्खा शर्ट कसा दिसतो तेच मी विसरले, असं ती एकदा देखरेखीच्या बाईला म्हणाली. "तुला शर्ट बघायचा पगार मिळत नाही," असं उत्तर आलं. त्या वाक्याचा राग वहिनीने वाया घालवला नाही. सुटीच्या दिवशी वर्गाला जाऊन तिने दोन वर्षांत शिवणकामाचं प्रमाणपत्र मिळवलं, कारण तिथे त्या कागदाशिवाय दुकानाचा परवाना देत नसत. परवाना तिच्या नावाने निघाला. गाळ्याचा करारही तिच्याच नावाने झाला. दोन मशीन, कापडाच्या कडा बांधायचं एक ओव्हरलॉक, वाफेची इस्त्री, कपडे टांगायच्या तीन लांब दांड्या आणि समोर एक लाकडी काउंटर, असं दुकान उभं राहिलं.

मग गोदाम बंद पडलं. नवऱ्याच्या कंबरेनेही त्याच सुमाराला दगा दिला. दुसरी नोकरी मिळेपर्यंत म्हणून तो काउंटरवर बसायला लागला, त्याला आता बारा वर्षं झाली होती. पुढे पुरुष आणि मागे मशीनवर बाई, एवढं दिसल्यावर मालक कोण हे कुणी विचारत नाही. रस्त्यावरचे सगळे त्याला मालक म्हणू लागले. तीही म्हणायची, फक्त तिच्या म्हणण्यात एक टाचणी असायची. "मालक, जरा केर काढता का?"

तिला ते सोयीचंही होतं, हे कबूल करायला हवं. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं तिच्या हाडात नव्हतं. त्याला मात्र माणसांची भूक होती. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची सासू पडली, कुणाला कुठली बढती मिळायची आहे, हे सगळं तो पँटची लांबी लिहून घेता घेता काढून घ्यायचा. फक्त स्वतःचं काही सांगायचा नाही. कुणी विचारलं, मालक, कसं चाललंय, की छाती पुढे काढून त्याचं एकच उत्तर, "जोरात!"

हे उत्तर त्याच्या वडिलांकडून आलेलं. गावाकडे सासऱ्यांचं किराणा दुकान होतं. दुकानात बसून रडगाणं गायचं नाही, गिऱ्हाइकाला बुडणाऱ्याचा वास येतो, असं ते मुलांना सांगायचे. दुकानाला कुलूप लागलं त्या दिवसापर्यंत ते सगळ्यांना "झकास" म्हणूनच सांगत होते. कुलूप लागलं तेव्हा सगळ्यांत मोठा धक्का सासूबाईंना बसला. वहिनीने ही गोष्ट लग्नानंतर महिन्याभरात ऐकली होती आणि तेव्हाच तिच्या मनात आलं होतं, की या घरात आजार उघड करायची पद्धत नाही.

आणि आता मंदी आली होती.

आधी समोरच्या इमारतीतले ऑफिसांचे दोन मजले रिकामे झाले. मग त्या ऑफिसवाल्यांना जेवण विकणारं दुकान गेलं, मग फुलवाली, मग चष्मेवाला. त्यांच्या ओळीतल्या अकरा गाळ्यांपैकी चार बंद झाले. लोकांना वाटायचं, हिला काय, पैसे नसले की लोक जुने कपडे दुरुस्त करतात, हिची तर चांदी. असं म्हणणाऱ्याच्या तोंडात मशीनची बॉबिन कोंबावी असं वहिनीला वाटे. तिचं निम्मं काम नव्या कपड्यांवर होतं. माणूस नवी पँट घेतो, ती लांब होते, तो हिच्याकडे येतो. नवी पँटच कुणी घेत नव्हतं. जुनीला सेफ्टी पिन लावून लोक वर्ष काढत होते.

जे येत होते ते मुलाखतीचे कोट घेऊन. नोकरी गेलेली माणसं. दहा वर्षांपूर्वीचा कोट कपाटातून काढायचा, तो पोटावर लागत नाही म्हणून घाबऱ्या घाबऱ्या इथे यायचं. आतलं दाबलेलं कापड सोडवून वहिनी कंबर वाढवून द्यायची, फाटकं अस्तर बदलायची. पैसे नेताना द्यायचे अशी त्यांच्या दुकानाची पद्धत. आणि मग ती माणसं फिरकायचीच नाहीत. मुलाखत रद्द झालेली असायची. नाहीतर कोटाशिवायच उरकलेली असायची आणि कोटाची गरज संपलेली असायची. दांड्यांवर एकशे बारा कपडे लटकत होते, बहुतेक काळे आणि गडद निळे. मान वर करून बघितलं, की एवढी माणसं पाठ फिरवून उभी आहेत असं तिला वाटे आणि डोक्यात तिडीक जाई. त्यांच्यावर नव्हे. कुणावर ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

गाळ्याचं तीन महिन्यांचं भाडं थकलं. गाळेवाल्याने पुढच्या महिनाअखेरीची मुदत दिली. आणि तेवढ्यात नगरपालिकेचं पत्र आलं, की लहान दुकानांची पाहणी होणार आहे. ज्यांचा धंदा घसरला असेल त्यांचं वर्षभराचं निम्मं भाडं नगरपालिका भरेल, थकलेलंसुद्धा त्यातच धरलं जाईल. पाहणी करणारी व्यक्ती दुकानात येऊन स्वतः बघेल, बोलेल. वहिनीने ते पत्र दोनदा वाचलं, काउंटरवर ठेवलं आणि नवऱ्याला म्हणाली, "हे नीट वाचा." तो म्हणाला, "वाचतो." यात तिची एक चूक झाली. तिने हे वाचायला सांगितलं, काय बोलायचं ते सांगितलं नाही. पन्नाशीच्या माणसाला, तुझं दुकान बुडतंय हे बुडतंय म्हणून सांग, असं शिकवावं लागेल हे तिच्या डोक्यात आलंच नाही.

पाहणी झाली त्या दिवशी ती शहराच्या दुसऱ्या टोकाला ओव्हरलॉकचा सुटा भाग आणायला गेली होती. दुपारी परत आली तर दुकान ओळखू येईना. काच लख्ख पुसलेली. न नेलेल्या कपड्यांतले चांगले वीस-पंचवीस ब्रश मारून पुढच्या काचेत टांगलेले, रंगांप्रमाणे. आणि बाकावर दोन माणसं. एक नवऱ्याचा गोदामातला जुना मित्र. दुसरे आपल्याकडच्यांतलेच टॅक्सीवाले भावजी, मांडीवर पँट घेऊन.

"भावजी, पँट कुणाची?" वहिनीने विचारलं.

"माझीच की."

"चेन गेलीय?"

"नाही, चांगली आहे." भावजींनी मालकांकडे बघितलं. "म्हणजे... मी आपला गिऱ्हाईक."

नवरा हसत पुढे आला. "आत्ता गेली बघ ती पाहणीवाली बाई. पाच मिनिटं आधी आली असतीस तर भेटली असती. काय खूश झाली माहितीये! फोटो काढला माझा."

वहिनीने पिशवी खाली ठेवली. "काय विचारलं तिने?"

"कसं चाललंय म्हणाली."

"आणि तुम्ही?"

"मी काय सांगणार?"

"अहो, काय सांगितलंत?"

"जोरात."

टॅक्सीवाले भावजी शहाणे होते. ते उठून काचेबाहेर बघायला लागले.

"अहो, ती मंदी मोजायला आली होती," वहिनी म्हणाली. तिचा आवाज इतका खाली गेला होता की मित्रानेही उठायची तयारी केली. "पत्र वाचलंत का तुम्ही?"

"वाचलं. म्हणून तर केलं हे सगळं. तुला कळत नाही यातलं. मरायला टेकलेल्या दुकानात पैसा कोण घालतं? बँकेत गेलो होतो ते आठवतंय? रडलो होतो ना तिथे आपण? काय दिलं त्यांनी? पाणी दिलं प्यायला! दुकानात दम आहे असं दिसलं तर मदत मिळते. जगभर असंच असतं."

"ही बँक नाहीये!"

"पैसा देणारे सगळे बँकच."

"आणि सही? सही केलीत कुठे?"

"केली की. जिथे दाखवली तिथे."

वहिनीने काचेतला एक कोट खेचून काढला, तो दांडीवर इतक्या जोरात अडकवला की हँगरचा आकडा वाकला. मग दुसरा. भावजी म्हणाले, "वहिनी, मी मदत करू का?" "तुम्ही पुष्कळ केलीत," वहिनी म्हणाली. "आता ती पँट घाला नाहीतर डोक्याला गुंडाळा, पण घरी जा."

तीन आठवड्यांनी निकालाचं पत्र आलं. लेक दुसऱ्या शहरात नोकरी करत होती. सरकारी भाषेतली पत्रं तीच फोनवर बघून समजावून सांगायची. वहिनीने कागद कॅमेऱ्यासमोर धरला.

"आई, बाबा आहे का तिथे?"

"इथेच आहेत. वाच."

"तुमचा व्यवसाय समाधानकारक चालू आहे, हे मालकांच्या निवेदनावरून आणि प्रत्यक्ष पाहणीवरून दिसतं. म्हणून मदत देता येत नाही. आणि... अभिनंदन केलंय."

"कसलं?"

"टिकून राहिल्याबद्दल. बाबा, सोबतच्या पत्रकात तुझा फोटो छापलाय. 'कठीण काळातही बहर.'"

नवऱ्याने घसा खाकरला. "फोटो बरा आलाय का?"

हे तो गमतीने म्हणाला की खरंच, हे वहिनीला कधीच कळलं नाही. फोन बंद करायचं भानही तिला राहिलं नाही. बावीस वर्षांत साठलेलं सगळं त्या दुपारी बाहेर आलं. सासऱ्यांचं दुकान आलं, गोदाम गेलं तेव्हा दोन महिने डबा घेऊन खोटं खोटं कामावर जाणं आलं, कंबर दुखत असताना पाहुण्यांसमोर उचललेल्या पेट्या आल्या. "तुमच्या घराण्यात माणूस मेला तरी तिरडीवरून हात हलवून बरा आहे म्हणेल! बहर म्हणे! पानं गळून खोड राहिलंय आणि तुम्ही माझ्या खोडाला कागदाची फुलं चिकटवलीत! मी काय बघायला ठेवलेलं झाड आहे?"

"आई," फोनमधून लेक म्हणाली, "शेजारी ऐकतील."

"ऐकू दे! निदान एकाला तरी कळू दे कसं चाललंय!"

शेजारी खरंच ऐकत होता. पलीकडच्या गाळ्यात बूट दुरुस्त करणारा म्हातारा होता, तिथलाच. त्याला भाषा कळली नाही तरी मुद्दा कळला. दुसऱ्या दिवशी तो आला आणि काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "मला मिळालं निम्मं भाडं. मी दोन दिवस आधीपासून झाडलं नव्हतं. ती बाई आली तेव्हा दिवासुद्धा लावला नाही. बूट चाचपडत शिवत होतो." तो हसला. मग वहिनीचं तोंड बघून हसायचा थांबला. "दाद मागता येते. ऑफिसात जा. पण महिनाअखेरीच्या आत जा."

नगरपालिकेच्या ऑफिसात दाद ऐकणारा अधिकारी सुकलेल्या अंगाचा, नीटनेटका माणूस होता. त्याच्या बाहीचं एक बटण वेगळ्या दोऱ्याने लावलेलं वहिनीने बसता बसता हेरलं. नवरा तिच्या शेजारी बसला. मुलाखतीला आल्यासारखा तो कोट घालून आला होता. नको म्हणून सांगितलं होतं, तरी.

वहिनीने वह्या पुढे केल्या. अधिकाऱ्याने त्या चाळल्या आणि मान हलवली. "घसरण आहे, मान्य. पण मालकांनी स्वतः सांगितलंय की धंदा उत्तम चालला आहे. खाली सही आहे. मालकाचं म्हणणं आम्ही खोटं कसं धरायचं?"

त्याने कागद फिरवला. सहीच्या रेघेखाली छापील अक्षरांत 'मालक' होतं, आणि त्यावर नवऱ्याची लफ्फेदार सही.

"हे मालक नाहीत," वहिनी म्हणाली. "परवाना माझ्या नावावर आहे. बघा."

अधिकाऱ्याने कॉम्प्युटरमध्ये बघितलं. त्याचा चेहरा पहिल्यांदाच जरा जागा झाला. "असं असेल तर सोपं आहे. चुकीच्या माणसाने दिलेलं निवेदन रद्द होतं. मग तुमचं निवेदन घेतो, वह्या जोडतो, आजच मंजूर करता येईल." त्याने एक नवा कागद काढला. "फक्त हे गृहस्थ कोण, ते लिहावं लागेल. भागीदार?"

"भागीदार लिहिलं तर?"

"मग त्यांची सही चालते. निवेदन रद्द होणार नाही."

"मग मदतनीस लिहा."

"नोकर? पगार कुठे दाखवलाय? त्यांचा कर, विमा? बारा वर्षं नोकर ठेवला आणि नोंदवला नाही, तर दंड होतो." तो हे वाईटपणे म्हणत नव्हता. रस्ता सांगावा तसं सांगत होता. "शेवटची चौकट आहे बघा. 'दुकानाशी संबंध नाही.' ती एकच जमते. पण ते त्यांनी स्वतः सांगायला हवं आणि सही करायला हवी."

वहिनी नवऱ्याकडे वळली. तीन आठवडे ज्या माणसाला तिने झोडपून काढलं होतं तो कोटाची गुंडी चाचपत होता. तिने त्याच्या वतीने बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात तो म्हणाला, "माझा दुकानाशी संबंध नाही."

"मग पाहणीच्या दिवशी तिथे काय करत होतात?"

"बसलो होतो."

"नेहमी बसता?"

"बारा वर्षं."

अधिकाऱ्याची बोटं थांबली. "तसं लिहिलं तर पंचाईत होईल. 'कधीमधी येऊन बसतो' असं लिहितो. चालेल?"

"चालेल," नवरा म्हणाला.

"नाही चालणार!" वहिनी उभी राहिली. खुर्ची मागे घसरून भिंतीवर आपटली. "कधीमधी? हा माणूस दुकान उघडतो, हा बंद करतो. तुमच्या त्या बाईला समोर बसलेल्या माणसाला, बाबा रे तू कोण, एवढं विचारता आलं नाही? चौकट पुढे केली, सही घेतली, फोटो काढला, चालती झाली! दुकान चालत होतं तेव्हा वर्षावर्षाला कर घ्यायला आलात, तेव्हा नाही विचारलंत कुणाचा काय संबंध. आता बुडतंय तर बुडाल्याचा पुरावा द्या, नवरा माझा कुणी नाही असं लिहून द्या! उद्या म्हणाल लेकही तुमची नाही असं लिहा, म्हणजे लाइटबिल भरू!"

शेजारच्या टेबलांवरची माणसं बघायला लागली. अधिकारी लाल झाला. "बाई, चौकटी मी केलेल्या नाहीत."

"कुणीच केलेल्या नसतात. मला माहितीये. कॉलरी पण कुणीच ठरवलेल्या नव्हत्या."

हे त्याला कळणं शक्य नव्हतं. नवऱ्याने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. मग पेन उचललं आणि सही केली. या वेळी लफ्फा नव्हता. नुसतं नाव, पोराच्या वहीवर असतं तसं. वहिनीने तिच्या जागी सही केली तेव्हा तिचं पेन कागदातून आरपार गेलं. अधिकाऱ्याने भोकाकडे बघितलं आणि शिक्का मारला. निम्मं भाडं मंजूर. एक वर्ष.

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "चल, झालं काम." थोडं चालल्यावर म्हणाला, "तुला दुकान उघडायला उशीर होतोय."

त्याने भांडायला हवं होतं. तिची इतकी तयारी होती. तो घरच्या रस्त्याला वळला आणि ती दुकानाच्या.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला नाही. तिसऱ्याही. घरात त्याने नळ दुरुस्त केला, कपाटं पुसली, चहा करून ठेवला. विचारलं की म्हणायचा, "माझा काय संबंध? लिहून दिलंय." रागाने म्हणत नव्हता, हेच वाईट. वहिनीला राग कळत होता. हे कळत नव्हतं. तिने टोमणे मारले, भांडी आपटली, लेकीला फोन करून त्याच्यादेखत त्याच्याविषयी बोलली. तो नळाखाली बोट धरून गळतंय का बघत राहिला.

दुकानात गिऱ्हाइकं विचारत, मालक कुठे? "आजारी आहेत," म्हणून वहिनी टेप उचलायची. कामाखेरीज तिला दुसरं काही विचारता येत नव्हतं. माणसं पँट ठेवायची, जरा घुटमळायची, आणि जायची. एका बाईने तर, उद्या येते मग, म्हणून आणलेली पिशवी परत नेली.

चौथ्या दिवशी अकराच्या सुमाराला एक माणूस धावतच आत आला. चेहरा घामाने भिजलेला. "माझा कोट. दीड वाजता मुलाखत आहे."

"पावती?"

"हरवली. आठ महिने झाले. पण मालकांना माहितीये माझा कोट."

"रंग?"

"काळा."

वहिनीने दांड्यांकडे बघितलं. कपड्यांना नुसते नंबर लावलेले होते. कुणाचा नंबर कुठला, ते पावतीवर असायचं. पावती नसली की नवऱ्याच्या डोक्यात. बारा वर्षांत तिला कधी विचारावंच लागलं नव्हतं. तिने त्या माणसाला एक कोट चढवला, तो खांद्यात अडला. दुसरा, तर गुडघ्यापर्यंत. तिसऱ्याच्या बाहीतून त्या माणसाने हात अर्ध्यातच काढून घेतला. "राहू दे," तो म्हणाला. "असाच जातो." आणि अंगातल्या स्वेटरकडे बघून तिथेच बाकावर बसला.

तिने घरी फोन केला. वाजत राहिला.

"इथेच बसा," ती त्याला म्हणाली. "हलायचं नाही. काउंटरवरचं कुणी काही उचललं तर ओरडा." आणि गळ्यात टेप, बोटात अंगुस्तान, अशीच ती रस्त्यावर पळाली. घर दहा मिनिटांवर होतं. ती सहा मिनिटांत पोचली.

नवरा टेबलाशी बसून वर्तमानपत्र बघत होता. फोन त्याच्या समोरच होता.

"उठा."

"काय झालं?"

"एक माणूस आलाय. काळा कोट, आठ महिन्यांपूर्वीचा, पावती नाही, मुलाखत आहे. उठा!"

"उंच आहे की बुटका?"

"ते मला विचारताय? तिथे येऊन बघा! दुकान उघडं टाकून आलेय मी!"

"माझा तिथे..."

"संबंध काढलात तर हा टेप गळ्याला आवळीन, तुमच्या की माझ्या ते बघणार नाही!" तिला धाप लागली होती. "तो कागद त्यांना दिलाय. घरात आणायला नव्हता दिला. इतकी वर्षं मी तुम्हाला मालक म्हटलं ते काय नगरपालिकेला विचारून? आणि तुम्ही तरी! एका बाईसमोर खोटी फुशारकी मारली ती तोंड भरून, आणि एका माणसासमोर खोटंच 'संबंध नाही' म्हणालात ते मात्र खरं धरून बसलात. दोन्ही खोटंच बोललात ना? मग माझ्यावर सूड कशाला उगवताय?"

त्याने तिच्याकडे बघितलं. मग चपला शोधायला वाकला, कंबर धरली, आणि उठला.

तो तिच्यामागून चालला, पण झपझप. दुकानात शिरल्या शिरल्या बाकावरचा माणूस उभा राहिला. "मालक!"

"अरे, तुम्ही होय," नवरा म्हणाला. तो काउंटरच्या अलीकडेच थांबला, गिऱ्हाइकं थांबतात तिथे. "बायकोचा हात बरा झाला का? प्लॅस्टर होतं ना?" आणि उत्तराची वाट न बघता वहिनीला म्हणाला, "मधल्या दांडीवर, भिंतीकडून नववा किंवा दहावा. डाव्या खिशाला आतून करड्या कापडाचं ठिगळ लावलंयस."

दहावा होता. वहिनीने कोट इस्त्रीखाली धरला, वाफ सोडली, खांदे झटकले. माणसाने तो चढवला. पोटावर गुंडी लागली. त्याने पाकीट काढलं तेव्हा नवरा म्हणाला, "आधी जाऊन या हो." वहिनी म्हणाली, "आधी पैसे द्या, मग जाऊन या." त्याने दिले, आणि तो गेला.

दुकानात दोघंच राहिली. नवरा अजून अलीकडेच उभा होता, हात मागे बांधून, दर बघायला आल्यासारखा. आत यायला काउंटरच्या टोकाला एक उचलायची फळी होती. वहिनीने ती उचलली आणि धरली. तो हलला नाही. फळी जाड लाकडाची होती आणि तिचा तो खांदा मशीनवर बसून बसून कामातून गेलेला होता. दाराशी एक बाई पिशवी घेऊन आली, आत कुणाला विचारावं ते न कळून दोघांकडे बघत उभी राहिली.

"हात भरून आलाय माझा," वहिनी त्याच्याकडे न बघता म्हणाली. "आत येताय, का टाकू खाली?"